रुपयाचा दंड



माझा आज्जा चिकोडी तालुक्यातला. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर त्याचा अंगठा उठवताना शाईचा पॅड मी धरायचो. १९८१ साल, मी सातवीत. मला लाज वाटायची, खरं सांगतो. तो शाळेत का गेला नाही, हे मी कधी विचारलं नाही. घरचे म्हणायचे, त्या काळी शाळा-बिळा कुठं होती ओ! तेवढ्यावर आम्ही भागवलं.

पुढं वाचायला लागलो तसं कळलं, की हा वाद आज्जाच्या जन्माआधीपासून चालू होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामानं आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडं, हा त्यांचा रोख. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी. वडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्ती करून बघितली, १९०६ ला सगळ्या संस्थानात नेली. तोच दाखला देत गोखल्यांनी १९११ ला ब्रिटिश हिंदुस्थानसाठी विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. पैसा नाही, लोक तयार नाहीत, वगैरे वगैरे. ही कारणं आपल्या ओळखीची आहेत!

मग १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. मला आधी हा दंड खटकला. गरिबाच्या खिशात हात कशाला घालायचा? पण विचार केला तसं ध्यानात आलं, बापाला दंड करायचा तर आधी त्याच्या गावात शाळा हवी, शाळेत मास्तर हवा, आणि फी नको. म्हणजे त्या रुपयात दरबारानं स्वतःलाच बांधून घेतलं होतं. १९१९ ला अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सरसकट सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूमही त्यांनीच काढला. शाळेत बोलवायचं आणि बाजूला बसवायचं, हे त्यांना चालणार नव्हतं.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. आज आपल्या जिल्ह्यात असलेलं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात. शेजारची चिकोडी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. इलाख्याचा कायदा आला १९१८ ला, आणि त्यानं काय दिलं? नगरपालिकांना वाटलं तर सक्ती करायची मुभा. खेड्यांचं त्यात नावच नाही. आज्जा तेव्हा सहा-सात वर्षांचा, गुरं राखत असणार. हद्दीच्या पलीकडं जन्मला असता, तर निदान कायद्यानं तरी त्याची शाळा त्याला देणं लागत होती. हद्द त्यानं आखली नव्हती.

१९५६ ला नवी हद्द आखली गेली, आणि आपण या बाजूला आलो. त्याच वर्षी सातव्या दुरुस्तीनं घटनेत कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, म्हणून पुरेशा सोयी करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा, असं ते सांगतं. हे कलम पाठ करा. आणि त्यातला 'प्रयत्न' हा शब्द नीट वाचा. सोय झाली नाही तर इथं रुपयाचाही दंड कुणाला नाही.

गेल्या महिन्यात मी एका कचेरीत गेलो होतो. मराठी वर्गाला मास्तर का मिळत नाही, विचारलं. साहेब चांगला माणूस, चहा पाजला. म्हणाला, "पट कमी आहे की ओ, पोरं कुठं आहेत?"

तर आम्ही पोरं मोजायला लागलो. सहा वर्षांच्या आतली, नावानिशी, आईबापाच्या सहीसकट. वरच्या तीन गल्ल्यांत एकवीस निघाली. एका बाईंनी अंगठा उठवला, पॅड पुन्हा मीच धरला.

खालची गल्ली आणि मळ्यातली घरं राहिलीत. रविवारी सकाळी आठला देवळापाशी जमतोय. ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी मळ्याकडं जावं.