बाळाचं हृदय थांबवताना
(माजी विद्यार्थी स्नेहमिलन, सौंदड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून किमान दहा जणांनी मला विचारलं, "तू डॉक्टर झालास ना गा?" आधी ते स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही, परफ्युजनिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुप्फुस या दोघांचं काम जे यंत्र करतं, ते चालवणारा माणूस. त्यावर आपल्या बॅचचा एक मित्र म्हणाला, "म्हणजे इंजिन ड्रायव्हर." त्याचं बरोबर आहे. गोंदियाची गाडी पकडायला आपण स्टेशनावर धावायचो, तेव्हा मला इंजिन ड्रायव्हरच व्हायचं होतं.

मला विषय दिला आहे "माझं काम". त्यातला एकच भाग सांगतो, कारण त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे.

विज्ञानाच्या सरांनी एकदा बाजारातून बकऱ्याचं हृदय आणून टेबलावर ठेवलं होतं, आठवतं? मुली मागच्या बाकावर पळाल्या होत्या. मी विचारलं होतं, "सर, हे परत चालू होईल का?" सर म्हणाले, "नाही रे, एकदा थांबलं की थांबलं." सर आज समोर बसले आहेत म्हणून धीर करून सांगतो, गेली वीस वर्षं मी रोज हृदय थांबवतो आणि परत चालू होताना बघतो.

हृदयातलं भोक बुजवायचं तर ते धडधडत असताना आत टाके घालणं कठीण. आपल्याकडे तलावाच्या पाटाची दुरुस्ती करायची तर आधी वरून पाणी बंद करतात, तसंच हे आहे. महाधमनीला चिमटा लावला की हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना जाणारं रक्त बंद होतं. बाकी शरीराला माझं यंत्र रक्त पुरवतं, पण हृदय उपाशी. पाट बंद केल्यावर खालच्या बांध्यांतला धान किती दिवस तग धरेल, ही जी शेतकऱ्याची काळजी, ती माझी. फरक एवढाच की माझा हिशेब मिनिटांचा असतो.

म्हणून चिमटा लावल्याबरोबर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एक थंडगार द्रावण सोडतात. त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्यातलं मुख्य औषध पोटॅशियम. ते पोचलं की अर्ध्या-एका मिनिटात हृदय सैल पडून थांबतं. थांबलेलं आणि थंड हृदय फार कमी प्राणवायू खातं, त्यामुळे ते टिकतं.

हे सोपं वाटतं, पण जगाला ते जमायला वीस वर्षं लागली. १९५५ मध्ये लंडनच्या मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवलं. पण मात्रा फार तीव्र होती, स्नायूंनाच इजा व्हायला लागली आणि पद्धत मागे पडली. सत्तरच्या दशकात लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हर्स आणि ब्रेमब्रिज यांनी पोटॅशियम बरंच कमी करून, मॅग्नेशियम घालून नवं द्रावण बनवलं, तेव्हा कुठे ते रुळलं. औषध तेच होतं, चुकलं होतं ते प्रमाण. भाजीतल्या मिठासारखं.

लहान बाळांचं मात्र वेगळंच असतं. बाळाचं हृदय म्हणजे मोठ्या माणसाच्या हृदयाची छोटी प्रत नव्हे. नवजात बाळाचं हृदय वीसेक ग्रॅमचं, त्याच्याच मुठीएवढं. मोठ्यांच्या हृदयपेशीत कॅल्शियम साठवायची कोठी पूर्ण तयार असते, बाळाची अर्धवट असते. त्याचा स्नायू बाहेरच्या रक्तातल्या कॅल्शियमवर जगतो. रक्त बंद असताना आणि परत सुरू होताना ते कॅल्शियम पेशीत नको तेवढं घुसलं, तर हृदय आखडून बसतं. टाके उत्तम, भोक बंद, आणि हृदय मात्र दगडासारखं.

यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पिट्सबर्गला पेद्रो डेल निडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुलांसाठी द्रावण तयार केलं. आम्ही तेच वापरतो. त्यात पोटॅशियमच्या जोडीला लिडोकेन असतं, दात काढताना बधिर करायला देतात तेच. मॅग्नेशियम कॅल्शियमला अडवतं, मॅनिटॉल सूज धरू देत नाही, सोडा आम्लता मारतो. चार भाग द्रावण आणि एक भाग बाळाच्या यंत्रातलं रक्त. किलोला वीस मिली. म्हणजे दहा किलोच्या बाळाला दोनशे मिली, त्यात चाळीस मिली रक्त. चहाचे दोन कप समजा. एका मात्रेवर साधारण दीड तासापर्यंत काम चालतं. मुलांसाठी निघालेलं हे औषध पुढे मोठ्यांच्या ऑपरेशनमध्येही गेलं, याचं मला उगाच बरं वाटतं.

हे दोन कप सोडताना दाबाच्या काट्यावरून माझी नजर हटत नाही. जोर जास्त झाला तर बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, कमी झाला तर कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी हृदयावर बर्फाचा चुराही भरपूर टाकायचे. त्याने शेजारून जाणारी, श्वासाच्या पडद्याची नस गारठून निकामी व्हायची भीती असते, म्हणून त्यात आता हात आखडता घेतात.

आता आपल्या भागाचं सांगतो.

मी तेव्हा विदर्भाबाहेर एका मोठ्या शहरात नोकरीला होतो. दुसऱ्या दिवशीच्या यादीत सात वर्षांचा मुलगा होता, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. सोपं ऑपरेशन. मी फाईलमधून वजन, रक्तगट, हिमोग्लोबिन उतरवून घेतलं. हिमोग्लोबिन आठ. खेड्यातलं पोर, खाणंपिणं कमी असेल, असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. संध्याकाळी व्हरांड्यात त्याचे वडील कोणाशी तरी फोनवर बोलत होते. "नाही गा, उद्या होते म्हणतेत." कान टवकारले. विचारलं, तर आपल्याच तालुक्यातले निघाले. गप्पांत म्हणाले, "थंडीत याचे हातपाय लय दुखतात."

माझ्या पोटात गोळा आला. सिकल! तपासणी फाईलमध्ये नव्हती. त्या शहरात ती कोणाच्या डोक्यात येत नव्हती. पण मी तर सौंदडचा. आपल्या वर्गातली दोन मुलं हिवाळ्यात का गैरहजर असायची, ते आज आपल्याला माहीत आहे. पत्ता वाचूनही मी विचारलं नव्हतं.

सिकलच्या रक्ताला तीन गोष्टी सोसत नाहीत: थंडी, प्राणवायूची कमतरता आणि आम्लता. तिन्ही झाल्या की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. आणि थांबवलेल्या हृदयात मी नेमक्या याच तीन गोष्टी तयार करतो. एरवी जी थंडी हृदय वाचवते, तीच त्या पोराच्या हृदयाला घातक ठरली असती.

रात्रीच भूलतज्ज्ञांना सांगितलं. तपासणी आली, एसएस. ऑपरेशन पुढे ढकललं. वडील माझ्यावरच चिडले, आणि त्यांचं चूक नव्हतं. धान विकून आले होते, रोवणी तोंडावर होती. पुढे त्याचं रक्त टप्प्याटप्प्याने बदलून सिकलचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली आणलं. शरीर थंड केलं नाही, हृदयालाही कोमट रक्तातूनच औषध दिलं, थोड्या थोड्या वेळाने. चिमटा काढल्यावर हृदय आपोआप सुरू झालं. तो मुलगा आता बारावी झालाय.

दुसरी गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. नऊ वर्षांची मुलगी, ओठ-नखं निळी, चालताना मध्येच उकिडवी बसायची. हे ऑपरेशन साधारण पहिल्या वर्षात व्हायला हवं. नऊ वर्षं जोर लावून लावून तिच्या उजव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती. जाड भिंतीत औषध खोलवर पोचत नाही आणि निळ्या मुलांचं हृदय आधीच थकलेलं असतं. चिमटा एकशे दहा मिनिटं होता. आम्ही वेळेवर दुसरी मात्रा दिली, सगळं रीतसर केलं. हृदय सुरू झालं, पण कडक. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या द्रावणात काय बदललं असतं तर ती वाचली असती, हा हिशेब मी बरेच दिवस मांडत होतो. द्रावणात काही चुकलेलं नव्हतं. ती आठ वर्षं उशिरा आली होती.

आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, दोघी आशाताई आहेत, एक नर्सताई आहे. म्हणून तुमच्याशी बोलतोय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्या दिवशी जे मूल घरी राहिलं, बहुतेक तेच दाखवायचं असतं. दूध पिताना कपाळाला घाम येणारं बाळ, वारंवार न्यूमोनिया होणारं, वजन न धरणारं, खेळताना उकिडवं बसणारं. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो. पैसे नाहीत म्हणून थांबलोय, असं कोणी म्हटलं तर आधी योजनेची चौकशी करायला लावा.

आणि सिकलचा कागद. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी आपल्या मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, म्हणजे ही काही कालची बातमी नाही. तरी लग्न जमणार नाही या भीतीने लोक कार्ड लपवतात. पिवळं असो की लाल, ट्रंकेत ठेवू नका, मुलाच्या फाईलमध्ये लावा. पिवळं कार्ड असलेल्या वाहक मुलाचं ऑपरेशन अडत नाही, फक्त आम्हाला आधी माहीत हवं. तपासणी झालीच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त, एवढंच काम आहे.

मी उद्या सकाळी दहापर्यंत शाळेतच आहे, दुपारच्या गाडीने निघणार. कोणाकडे मुला-नातवंडांची ईकोची फाईल असेल तर घेऊन या. ऑफिससमोरच्या पायरीवर बसू. कागद वाचून नागपूरला कोणत्या विभागात आधी जायचं, तेवढं मी नक्की सांगू शकेन.