खरा नळ कोणता?



दमयंतीच्या स्वयंवरात एकसारखे दिसणारे पाच नळ बसले होते, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. आजच्या विषयात तोच पेच आहे.

एका मोठ्या संगणकाच्या पोटात आता अनेक संगणक चालवता येतात. त्यांना धातूचा देह नसतो. प्रोग्रामने उभ्या केलेल्या या संगणकांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांच्या वह्या म्हणजे व्हर्च्युअल डिस्क. रुग्णालयांच्या नोंदी, बँकांची खाती अशा डिस्कवर असतात. मशीन म्हणते, 'ती डिस्क माझी.' देणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा?

१९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. तिच्यात दुसऱ्याची डिस्क जोडून घ्यायची तर परवलीचा शब्द सांगावा लागे. वाचण्याचा वेगळा, लिहिण्याचा वेगळा. पण शब्द ज्याला कळला, तोच धनी! पुढे प्रत्येक मशीनला १२८ बिटांचा ओळखक्रमांक मिळाला. परंतु व्हर्च्युअल मशीन म्हणजे अखेर काही फाइलीच. त्यांची नक्कल केली की क्रमांकाची होते, आणि आत ठेवलेल्या गुपिताचीही होते. अशा फाइली जागेवरून हललेल्या दिसल्या की व्हीएमवेअरचा प्रोग्राम वापरणाऱ्यालाच विचारतो, 'मशीन हलवले, की त्याची नक्कल केली?' मशीनला विचारून उपयोग नाही. आपण नक्कल आहोत हे नकलेला ठाऊकच नसते. अशी दोन जुळी मशिने एकाच साध्या डिस्कवर लिहू लागली, तर नोंदींचा चिखल होतो.

मग उपाय काय? दमयंतीने नळाला चेहऱ्यावरून ओळखले नाही. त्याचे पाय भूमीला टेकले होते, त्याची सावली पडत होती. मशीनचीही साक्ष ते ज्या भूमीवर उभे आहे तिच्याकडून घ्यावी. कोणते मशीन आपण सुरू केले, हे यजमान संगणकाला ठाऊक असते. अल्प मुदतीचे, सही केलेले ओळखपत्र त्याने द्यावे. यजमानावरही भरवसा नसेल, तर एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीसारख्या योजनेत प्रोसेसरच मशीनच्या आरंभीच्या स्थितीचे माप घेऊन त्यावर सही करतो. ते माप जुळले तरच डिस्कची किल्ली द्यावी.

एवढ्याने निश्चिंत व्हावे काय? नाही. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात परक्या व्यक्तीने बँकेच्या खऱ्या मशीनला फसवून त्याचे तात्पुरते ओळखपत्र मिळवले आणि साठ्यातली माहिती नेली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी लोकांना त्याची झळ लागली. मशीन खरे होते. पण त्या ओळखपत्राला मोकळीक फार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲमेझॉनने ओळखपत्र मागण्याची अधिक कडक रीत आणली.

तात्पर्य, ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीसाठी बाहेरची साक्ष हवी. दुसरीसाठी कामापुरतीच मोकळीक. तुमच्याआमच्या नोंदी सांभाळणाऱ्यांना हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो आपण बजावू या.