परक्या गावात बाग लावा

(शताब्दी मेळाव्यात शारजा औद्योगिक क्षेत्रातील मराठी ख्रिस्ती कामगारांच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात राहतो. तिथे पत्ता नंबरानं सांगतात: दोन नंबर, दहा नंबर, तेरा नंबर. गॅरेज, फॅब्रिकेशनच्या शेड, गोदामं आणि मधेमधे आमचे कॅम्प. आमच्यात नगर, जालना, सोलापूरचे लोक आहेत, काही वसईचे. सुट्टीला यर्मूकच्या चर्चमध्ये जातो. एरवी रात्री जेवणं झाली की खोलीतच चार-सहा जण मराठीत प्रार्थना करतो.

तुमचे पूर्वज पाच वर्षांच्या करारावर अंगठा देऊन निघाले. आम्ही दोन वर्षांच्या व्हिसावर आलो. दोन्ही सारखं म्हणायला जीभ धजत नाही. आमच्या खिशात फोन आहे, आणि १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उन्हात काम करवून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पण ‘एवढा करार संपला की घरी’ हे बोलणं तुमच्या घरातलं आणि आमच्या खोलीतलं एकच.

एका वर्षी आमच्यातल्या काहींचा पगार पाच महिने अडकला. त्यात एक तरुण वेल्डर होता, गावी बहिणीचं लग्न ठरलेलं. तो प्रार्थनेला बसेनासा झाला. म्हणाला, “काका, देवाला सगळं सांगून झालं. आता काय बोलू?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुणीतरी यिर्मयाचा २९ वा अध्याय काढला. बाबेलला धरून नेलेल्यांना संदेष्ट्यानं पाठवलेलं ते पत्र. सुटकेला सत्तर वर्षं लागतील, म्हणजे वाचणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मरणार, हे तो लपवत नाही. तरी घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा, असं सांगतो. आम्ही इतकी वर्षं त्यातलं आशेचं एकच वचन पाठ करत होतो. मागचं-पुढचं वाचलंच नव्हतं!

दौंडकडच्या एकाला केडगाव आठवलं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गमावली. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. त्याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभं केलं, त्यांना विणकाम, छपाई शिकवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल केलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२ साली त्या स्वतः. ग्रंथ बाहेर आला १९२४ साली.

त्या वेल्डरनं दुसऱ्या दिवशी एक वही आणली. अडकलेल्या प्रत्येकाचा हिशेब तारखेनिशी लिहिला, बिहारी, बंगाली, नेपाळी सगळ्यांचा. एकेकाला टायपिंग सेंटरला नेऊन तक्रारीचा अर्ज करवला. पैसे सगळे मिळाले नाहीत. बहिणीचं लग्न कर्ज काढूनच झालं. पण तो पुन्हा प्रार्थनेला बसू लागला, आणि आता शेजारच्या खोलीतल्यांची नावं घेऊन मागतो.

ती वही आम्ही जपून ठेवली आहे. तुमच्याही घरी पणजोबांचा एखादा कागद, पत्र, हिशेबाची चिठ्ठी असेल. चहाच्या वेळी दाखवा, वाचून दाखवा. आम्ही आज संध्याकाळपर्यंत इथेच आहोत.