गंजलेला नट आणि गटाचा ट्रॅक्टर

मागच्या वेळी अवजार बँकेचं रजिस्टर कसं ठेवायचं ते बोललो होतो. आज त्याच ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचं बोलू. "ते मिस्त्रीचं काम, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका बरं. ट्रॅक्टर गटाच्या नावावर आहे, हप्ता आपण भरतो, तो उभा राहिला की खोळंबा आपलाच होतो.

गोष्ट मागच्या फेब्रुवारीतली. त्या दिवसांत वसमत भागात दुसरं काय असतं? हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. आमचा ट्रॅक्टर पॉलिशच्या ड्रमला जोडलेला होता. या कामात ट्रॅक्टर एका जागी तासन्‌तास चालतो आणि हळदीची बारीक भुकटी उडत राहते. इंजिनचा पंखा ती भुकटी ओढतो आणि रेडिएटरच्या जाळीत थर बसतो. वारा आत जाईना की इंजिन तापतं. त्यात आमच्याकडून आणखी एक चूक झालेली. रेडिएटरमध्ये कूलंट संपला की बोअरचं पाणी ओतत होतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं घरातल्या भांड्यावर पांढरा थर कसा चढतो, तसाच तो आतल्या नळ्यांत चढला. एके दिवशी काटा लाल खुणेवर गेला आणि रेडिएटरच्या खालून पाणी गळायला लागलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आमच्या ताईनं लगेच इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. एक बाई झाकण उघडायला धावली होती, तिला ताईनं हात धरून थांबवलं. त्या झाकणाखाली प्रेशर कुकरसारखा दाब असतो. 100 अंशाच्या वर गेलेलं पाणी झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. थंड होईपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचंच.

रेडिएटर बदलायचा ठरला. पण त्याच्या पुढं आणखी एक लहान जाळी असते, ऑइल कूलर. आमच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्सचं तेल त्यातून फिरून थंड होतं. सगळ्या ट्रॅक्टरना तो नसतो, आपापला बघून घ्या. त्याला दोन लोखंडी नळ्या, एक तेल आणणारी, एक नेणारी. त्या काढल्याशिवाय आमचा रेडिएटर बाहेर निघत नव्हता. काही ट्रॅक्टरमध्ये नळ्या रबरी असतात, तिथं कूलरचे बोल्ट काढून तो तसाच बाजूला टेकवता येतो, जोड उघडायची गरजच पडत नाही. ते आधी तपासा. आमच्या नळ्या लोखंडी होत्या आणि जोडावरचे नट गंजून नळीला एकजीव झालेले. ट्रॉलीत खत वाहून झाल्यावर आम्ही ट्रॅक्टर धूत नव्हतो. चिखलाबरोबर खत चिकटून राहिलं की लोखंड लवकर सडतं.

इथं घाई आम्ही केली. बायकांची हळद अंगणात पडलेली, ढग येऊन गेलेले. आम्हीच मिस्त्रीला म्हणालो, "आजच काढा." त्यानं पाइप पाना लावून जोर दिला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले, नट नळीला धरून बसलेला, म्हणून नळीच नटासोबत पिळली गेली. पीळ कूलरच्या तोंडापर्यंत जाऊन तिथला जोड फाटला असता, पण ताई ओरडली म्हणून मिस्त्री थांबला. बैठकीत नंतर सगळा दोष त्याच्यावर टाकायचं चाललं होतं. घाई करायला सांगितलं कुणी, हे आम्हाला तिथं कबूल करावं लागलं.

दुसरा जोड मात्र नीट निघाला. तारेच्या ब्रशनं गंज घासला, गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे मारला, लहान हातोडीनं नटावर चहूबाजूंनी हलके टोले दिले आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा स्प्रे. मग दोन पाने घेतले. एकानं कूलरकडचा षटकोनी भाग घट्ट धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं फिरवलं की सगळा जोर कूलरवर जातो. नळीच्या नटासाठी खाच असलेला रिंग पाना मिळतो. तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो, त्यानं कोपरे झिजत नाहीत. सोडवण्याआधी नट किंचित आवळून बघा, गंजाची पकड तिथंच मोडते. आणि डोळा नळीवर ठेवा. नटासोबत नळी फिरायला लागली की हात थांबवायचा, पुन्हा तेल सोडायचं. एकजण म्हणाला, गॅसबत्तीनं तापवा. आम्ही नको म्हणालो. नळीत तेल, बाजूला रबर, वर कूलर ॲल्युमिनियमचा. पेटायला किती वेळ लागतो?

पिळलेली नळी कापावीच लागली. तुकडा पिशवीत घालून नांदेडला हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडं नेला. त्यानं लांबी आणि टोकाचे आटे मोजून तशी नळी करून दिली. तिथं पाण्याचा साधा रबरी पाइप क्लिप लावून बसवू नका. गरम तेलानं तो फुगतो आणि दाबानं सुटतो. या सगळ्यात चार दिवस गेले. दोघींची हळद दुसऱ्याच्या मशिनवर न्यावी लागली आणि त्या महिन्याच्या हप्त्यासाठी बचतीतून पैसे काढले.

जोड उघडे असताना तोंडांवर स्वच्छ प्लास्टिक बांधलं होतं. तेलात धूळ गेली तर गिअरबॉक्स खराब होतो. खाली घमेलं ठेवून सांडलेलं तेल गोळा केलं. ते नाल्यात ओतलं नाही, जुनं तेल घेणाऱ्या भंगारवाल्याला दिलं. जेवढं निघालं तेवढं पुस्तकात दिलेल्या प्रकारचंच नवं तेल भरलं. नट बसवताना आधी बोटानं तीन-चार फेरे फिरवायचे. बोटानं जात नसेल तर आटे वाकडे लागलेत, पाना लावायचा नाही. फुललेल्या तोंडाच्या नळीला पांढरी टेप गुंडाळायची नाही, तिथं धातूवर धातू बसूनच गळती थांबते. रेडिएटरमध्ये या वेळी तयार कूलंट भरला.

पाचव्या दिवशी इंजिन सुरू केलं, दहा मिनिटं चालवलं, बंद करून दोन्ही जोडांखाली कोरडा कागद धरला. एकावर तेलाचा ठिपका आला. दोन पाने लावून थोडं आवळलं, परत चालवलं, कागद कोरडा. मग ड्रम जोडला. आता हळदीच्या हंगामात ताई रोज संध्याकाळी जाळीतली भुकटी आतून बाहेरच्या बाजूला हवा मारून काढते आणि दर पंधरा दिवसांनी त्या दोन नटांना ग्रीस लावते. तारीख रजिस्टरला लिहिलेली असते, सही तिची आणि आमच्यापैकी एकीची.