आधी पडायला शिकू या

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या विहाराच्या पटांगणात मुलामुलींसाठी ज्युदोचा वर्ग सुरू करावा, असा विचार मंडळात चालला आहे. नावे नोंदवायला आम्ही घरोघर फिरलो, तेव्हा मुलांसाठी लोक चटकन हो म्हणाले. मुलींचा विषय निघाला की मात्र एकच सूर. "हातपाय मोडला तर? उद्या लग्न कसं व्हायचं?" काही आयांनी तर सरळ सांगितलं, "आमची पोरगी भित्री आहे हो, तिला हे जमायचं नाही." म्हणून आज या भीतीवरच दोन शब्द बोलायचे आहेत.

धाडसी माणसाला भीती वाटत नाही, असा आपला समज असतो. आम्हाला तो पटत नाही. कुस्ती असो, बॉक्सिंग असो की कडा चढणे असो, भीती सगळ्यांनाच वाटते. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, पाय लटपटतात. संकट ओळखून शरीर तयारीला लागते, त्याचीच ही लक्षणे. त्यात लाजण्यासारखं काय आहे? प्रश्न एवढाच, की भीती आल्यावर करायचं काय, आणि ते शिकवता येतं का?

शिकवता येतं. ज्युदोचंच पाहा. १८८२ साली जिगोरो कानो या तरुण जपानी शिक्षकाने टोकियोच्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात हा खेळ सुरू केला. बारा चटया आणि नऊ विद्यार्थी एवढंच भांडवल. कानो स्वतः अंगाने किरकोळ. शाळेत दांडगी मुलं त्यांना त्रास देत. त्यातूनच ते कुस्तीविद्येकडे वळले.

या खेळात पहिला धडा कसला असतो? समोरच्याला पाडण्याचा? नाही. स्वतः पडण्याचा! हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा आणि तळहात सपाट ठेवून मॅटवर जोरात हात मारायचा. त्यामुळे डोके आपटत नाही आणि मार एका जागी बसत नाही. हे आधी बसून करायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. त्यानंतर कुठे जोडीदार उचलून टाकतो. शेकडो वेळा पडल्यावर मुलाच्या अंगाला कळतं, की पडलं म्हणजे संपलं असं नाही. आणि हात अडकला, सहन होत नाही, तर दोनदा थाप मारायची. जोडीदाराने त्याच क्षणी सोडायचं, हा नियम. थाप मारणाऱ्याला कुणी हसत नाही. ऑलिम्पिकमध्ये ज्युदो १९६४ साली आला, पण स्त्रियांना पदकासाठी खेळायला १९९२ साल उजाडावं लागलं. तेव्हा मुलींना मागे ठेवण्याची खोड आपल्याच वस्तीची आहे असं नाही.

आता डोंगराकडे वळू या. मालावत पूर्णा हे नाव इथल्या मुलींनी पाठ करावं. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातील शेतमजूर आदिवासी घरातली ही मुलगी सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. २५ मे २०१४ रोजी, वय १३ वर्षे ११ महिने असताना, ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. बरोबर खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार हा दलित विद्यार्थी होता. वर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो नेला होता, आणि दलित-आदिवासींसाठी झिजलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांचाही.

ती पोरं एका उडीत तिथे गेली काय? आधी भोंगीरचा कातळ, मग दार्जिलिंगचं प्रशिक्षण, मग लडाखची थंडी, आणि मगच एव्हरेस्ट. आठ हजार मीटरच्या वर हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण एक तृतीयांशच मिळतो. त्याच मोसमात, १८ एप्रिलला, नेपाळच्या बाजूला हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले होते. ही मुलं तिबेटच्या बाजूने चढत होती. वाटेत मृतदेह दिसले तेव्हा आपण घाबरलो होतो, हे पूर्णाने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. तरी पाऊल पुढे पडलं, कारण पाय, दोर आणि शिक्षक यांची सवय झालेली होती. २०२२ पर्यंत तिने सातही खंडांची सर्वोच्च शिखरं सर केली.

इतक्या लहान वयात एव्हरेस्टवर पाठवावं का, असा प्रश्न तेव्हाही निघाला आणि तो रास्त आहे. आम्ही कुणाला एव्हरेस्टवर पाठवा म्हणत नाही. मॅटवर पाठवा म्हणतो.

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. त्यात तथागत आपल्या बोधीपूर्वीच्या दिवसांविषयी सांगतात. ज्या वनातल्या जागांना लोक भीत, तिथे ते मुद्दाम रात्री जाऊन राहत. मोराने काटकी पाडली, पाचोळा सळसळला, की भीती येई. चालताना आली तर चालतच ती निवेपर्यंत ते थांबत नसत. बसलेले असताना आली तर उठत नसत. भीती आली म्हणून जागा सोडली नाही. चटईवर पडायला शिकणारं लेकरू आपल्या परीने तेच करतं.

माता-भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांना भीती दुसऱ्यांनी शिकवली. पाणवठ्यावर, रस्त्यावर, देवळापाशी. ती बाबासाहेबांनी मोडली. आज आपणच मायेपोटी मुलीला "जाऊ नको, पडशील" म्हणून पुन्हा शिकवत नाही ना, याचा घरी विचार व्हावा.

तुमची काळजी मात्र सोडू नका, ती कामाला लावा. मॅट पुरेशी जाड आहे का, शिकवणारा शिकलेला आहे का, थापेचा नियम पाळला जातो का, वर्गात एखादी बाई देखरेखीला आहे का, हे स्वतः येऊन बघा. यातलं एक जरी नसेल तर वर्ग थांबवायला सांगा, आम्ही थांबवू. आणि सगळं ठीक असेल, तर मुलीचं नाव वहीत लिहा. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे.