साथीनंतरची बाई



कारखान्याच्या दारावर बोलण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. कादंबरीवर बोलण्याचा प्रसंग मात्र पहिलाच. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे इंग्रजी रात्रपाळीहून आल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा हे विद्वानाचे विवेचन नव्हे, एका वाचणाऱ्या कामगाराची कैफियत आहे, असे समजून ऐकावे.

सर्व जग उजाड करणाऱ्या साथीच्या कादंबऱ्या नव्या नाहीत. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८२६ साली ‘द लास्ट मॅन’ लिहिली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग मनुष्यजात पुसून टाकतो, अशी तिची कल्पना. लिहिणारी बाई; पण शेवटी उरतो तो पुरुष! बाई उरली तर तिचे काय होईल? अलीकडच्या दोन लेखिकांनी हा प्रश्न नेटाने विचारला आहे.

पहिली अमेरिकेची मेग एलिसन. ‘द बुक ऑफ द अननेम्ड मिडवाइफ’ ही तिची कादंबरी २०१४ ची. तिची नायिका सान फ्रान्सिस्कोच्या इस्पितळातली सुईण. तापाच्या साथीत पुरुष मरतातच, पण बायका त्याहून अधिक. बाळंतपण तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर उठते. उरलेल्या मोजक्या बायकांना पुरुषांच्या टोळ्या मालमत्तेसारख्या बाळगतात. ही सुईण पुरुषाचा वेष घेते, खरे नाव कोणाला सांगत नाही, आणि भेटेल त्या बाईला गर्भधारणा टाळण्याची औषधे देत हिंडते. जग मोडले, पगार देणारा उरला नाही, तरी तिने आपले काम टाकले नाही. त्या कामामुळेच ती माणूस राहिली.

दुसरी लिंग मा. जन्म चीनचा, वाढली अमेरिकेत. तिच्या २०१८ च्या कादंबरीचे नाव ‘सेव्हरन्स’. या शब्दाचा एक अर्थ तुटणे. दुसरा, कामावरून कमी करताना द्यावयाची रक्कम. तो दुसरा अर्थ मला शब्दकोशात पाहावा लागला नाही! कॅन्डेस चेन ही न्यूयॉर्कच्या कचेरीत बायबलच्या छपाईची कामे चीनमधून करवून घेते. खड्यांनी सजवलेल्या बायबलसाठी खडे घासणारे मजूर फुप्फुसाच्या रोगाने खंगतात. गिऱ्हाइकाला माल हवा असतो. आपल्याकडे खंभातच्या अकीक घासणाऱ्यांचे हेच दुखणे. मग साथ येते. या साथीत आजारी माणूस जुनीच हालचाल पुनःपुन्हा करीत राहतो. दुकानातली मुलगी कपड्यांच्या घड्या घालते; कुटुंब जेवणाचे टेबल मांडते. आणि धडधाकट कॅन्डेस? मोठ्या रकमेच्या कराराखातर ठरलेल्या तारखेपर्यंत ओस पडलेल्या कचेरीत जात राहते. आजारी कोण आणि शहाणा कोण? हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो.

पुढे ती एका टोळीत सामील होते. ती गरोदर आहे हे कळताच टोळीचा म्होरक्या बॉब तिला कोंडून घालतो. शब्द मात्र काळजीचे! शेवटी ती निसटते.

या ठिकाणी मला माझीच एक गोष्ट आठवली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात रंगखात्यात वाफा सुटत. ‘बायकांना तेथून हलवा’, अशी मागणी आमच्या युनियनने केली. मालकाने ती तत्काळ मान्य केली. आम्ही पेढे वाटले. बायका कमी मजुरीच्या खात्यात गेल्या. वाफा होत्या तशाच राहिल्या आणि पुरुष त्या ओढत राहिले. एक बाई मला म्हणाली, “भाऊ, वाफ बंद करा असं का नाही मागितलंत? आणि आम्हाला विचारलंत कधी?” मला उत्तर सुचले नाही. आम्ही कोणाला कोंडले नव्हते, हेतूही वाईट नव्हता. पण ज्यांच्याविषयी ठरले त्यांना विचारले नव्हते, एवढ्यापुरते बॉबचे आणि आमचे नाते जुळते, हे कबूल केले पाहिजे.

या कादंबऱ्या भविष्य सांगतात असे कोणी समजू नये. साथ नवे जग आणीत नाही. असलेल्या जगावरचे पांघरूण काढते. २०२० साली आपणही ते पाहिले. दारोदार जाऊन तापाची चौकशी करणाऱ्या आशा बायकांवर आपण फुले उधळली. पण त्यांना कामगार म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. पगार नव्हे, मानधन दिले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. संकटात बाईचे रक्षण करू असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला आधी विचारणारा आणि तिच्या कामाचे मोल चुकवणारा विरळा. तो होण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.