छोट्या व्यापाऱ्याचे पत्र : ई-मेलचा सदुपयोग
(पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





व्यापारावर शाळामास्तराने बोलावे, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु ई-मेल म्हणजे अखेर पत्रच होय, आणि पत्रलेखन शिकविणे हा तर आमचा नित्याचा उद्योग आहे. म्हणून धारिष्ट्य करीत आहे.

मुंबईच्या गर्दीतून लोखंड-पोलादाचा बाजार बाहेर काढावा म्हणून सिडकोने कळंबोलीत जागा विकसित केली. आज ह्या बाजाराच्या आधाराने आपली कितीतरी मुले लहानसा गाळा, वाहतुकीचा धंदा, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवितात. त्यांचे भांडवल थोडे असते. बहुतेकांचे काम एखाद्या दलालावर किंवा दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असते. ते गिऱ्हाईक तुटले की घराची चूल अडते. ज्याच्यापाशी स्वतःच्या शे-दोनशे गिऱ्हाइकांची यादी आहे आणि ज्याचे पत्र ते वाचतात, तो इतका परावलंबी राहत नाही. आजच्या विषयाचे महत्त्व येथे आहे.

ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर बनविले. शेतकरी प्रथम ते घ्यायला कचरत होता. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणे हा त्याचा मूळ हेतू. पण त्यात वाचनीय मजकूर येऊ लागला आणि त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्राचे आवडते मासिक उभे राहिले. नुसती जाहिरात असती, तर ते रद्दीत गेले असते. वाचकाच्या हाती काही पडत होते, म्हणून त्याची वाट पाहिली गेली.

आता उलट उदाहरण पाहा. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना, त्यांना न विचारता, आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात संगणकाच्या जाळ्यावरून धाडली. लोक संतापले, तक्रारी झाल्या. नको असलेल्या ई-मेलचा, म्हणजे ‘स्पॅम’चा, जनक म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते.

ह्या दोन उदाहरणांतच सारे सार आहे. आता व्यवहाराकडे वळू.

पहिली गोष्ट यादीची. बाजारात एक लाख पत्त्यांची फाईल थोड्या पैशांत विकणारे भेटतात. ती घेऊ नका. बिल करताना गिऱ्हाइकाला सरळ विचारा, “साहेब, दर व नव्या मालाची माहिती ई-मेलने पाठवू का?” जो ‘हो’ म्हणेल त्याचाच पत्ता वहीत घ्या. २०२३ साली संसदेने संमत केलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीचेच तत्त्व मानतो, आणि दिलेली संमती मागे घेणे तितकेच सोपे असावे असे सांगतो. म्हणून प्रत्येक पत्राखाली ‘पत्रे नको असल्यास कळवा’ अशी सोय ठेवा, आणि कोणी नको म्हटले तर त्याच दिवशी नाव काढा.

दुसरी गोष्ट विषयाची ओळ. औपचारिक पत्रात ‘विषय’ लिहायला आम्ही मुलांना शिकवितो, ते येथे कामास येते. ‘खास सवलत, त्वरा करा’ ह्याने कोणी पत्र उघडत नाही. ‘८, १० व १२ मिमी सळया : शनिवारपर्यंतचा दर’ असे लिहा. वाचणाऱ्याला पत्र उघडण्याआधीच आपल्या कामाचे आहे की नाही ते कळते.

तिसरी गोष्ट मजकुराची. पत्रात एक दर, एक उपयोगी माहिती आणि एकच विनंती असावी. उपयोगी माहिती म्हणजे काय? सळईच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. म्हणजे १२ मिमी सळई मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते, आणि १२ मीटरची अखंड सळई सुमारे १०.६७ किलो. हा हिशेब पाठविलात, तर लहान कंत्राटदार तुमचे पत्र जपून ठेवील. काटा तपासताना त्याला तुमचीच आठवण होईल.

चौथी गोष्ट वर्गवारीची. तळोज्याच्या कारखान्याचा खरेदी विभाग आणि बंगल्याचे ग्रिल बनविणारा कारागीर ह्यांची गरज एक नव्हे. दोन याद्या करा, दोन पत्रे लिहा.

पाचवी गोष्ट तांत्रिक आहे, थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू ह्यांनी नियम कडक केले आहेत. पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी नोंद आपल्या डोमेनवर असावी लागते. ती एसपीएफ व डीकेआयएम ह्या नावांनी ओळखली जाते, आणि संगणक जाणणारा एखादा माजी विद्यार्थी ती सहज करून देईल. हजार पत्रांमागे तीन जणांनी जरी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली, तरी तुमची पत्रे कचऱ्याच्या पेटीत जाण्याचा धोका असतो. विकतची यादी का नको, ते ह्यावरून ध्यानी यावे.

शेवटी हिशेब. किती जणांनी पत्र उघडले ह्या आकड्यावर विसंबू नका. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेले पत्रही उघडल्याचे दिसू शकते. वहीत तीन रकाने आखा : पत्रे किती गेली, उत्तरे किती आली, माल किती गेला. समजा, २०० पत्रांना १० उत्तरे आली आणि ३ गाड्या माल गेला. पुढच्या महिन्यात विषयाची ओळ तेवढी बदलून पाहा आणि आकडे ताडून पाहा. रोज पत्र धाडू नका. सांगण्यासारखे असेल तेव्हाच, पण ठरल्या वारी धाडा.

मित्रहो, गिऱ्हाइकाने दिलेला पत्ता ही त्याने आपल्यावर विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ती दुसऱ्याला विकू नये, तिचा त्रासही त्याला होऊ देऊ नये. दरात लिहिले तेच बिलात असावे आणि बिलात लिहिले तेच काट्यावर भरावे. जो एवढे पाळील, त्याचे साधे चार ओळींचे पत्रही लोक उघडतील. आपल्या मुलांनी हिशेबाबरोबर नेटके पत्र लिहिण्याचीही सवय लावून घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.